प्रति: ग्रँडमास्टर येणार म्हणून एवढा थाट?

वर विचारलंय, विभागीय अधिवेशनाला ग्रँडमास्टर येणार म्हणून दोन दिवस एवढा थाट कशाला? फ्रीमेसन ही जुनी बंधुसंघटना, ग्रँडमास्टर तिचे प्रमुख; तिथे तो पदाचा मान असतो, माणसाचा नव्हे. ग्रँडमास्टर आत आले की सगळे उभे राहतात आणि यजमान आपला लाकडी हातोडा त्यांच्यापुढे धरतात. म्हणजे सभा आता तुमची. पाहुणे बहुधा तो परत देतात.

इथल्या फ्रीमेसनांची शिखर संस्था ग्रँड लॉज ऑफ इंडिया १९६१ची, पण मुंबईत भारतीय सभासदांसाठी ‘रायझिंग स्टार’ लॉज, म्हणजे स्थानिक शाखा, १८४३ मध्येच निघाली होती. आपल्याकडच्या लॉजमध्ये गीता, कुराण, बायबल शेजारीशेजारी ठेवतात, मला त्याचंच अप्रूप. भाषणं मात्र आवरायला हवीत बुवा, जेवण गार होतं.