स्पर्धा ‘गाजवली’ म्हणजे जिंकली का?

रत्नागिरीहून

आमच्या शाळेत क्रीडासप्ताहाच्या भित्तिपत्रकासाठी नववीच्या मुलांनी यंदा बास्केटबॉल घेतलं आहे. विषय त्यांनीच निवडला: अमेरिकेतल्या इंडियाना आणि शेजारच्या केंटकी या राज्यांच्या हायस्कूल स्पर्धा, आणि त्यांत आजवर सर्वांत भारी खेळलेला मुलगा कोण. दोन्ही तुकड्या हमरीतुमरीवर आल्या आहेत. मजकूर तपासायला माझ्याकडे आला आणि मी चार वाक्यांवर अडले. ती जशीच्या तशी देते.

‘केली कोलमनने १९५६ ची केंटकीची स्पर्धा गाजवली.’
‘बॉबी प्लम्पने १९५४ साली मायलनला एकहाती विजेतेपद मिळवून दिले.’
‘डेमन बेली हा बेडफर्डचा हुकमी एक्का.’
‘ऑस्कर रॉबर्टसन हा सर्वश्रेष्ठतम खेळाडू.’

पहिल्याच वाक्यावर भांडण आहे. कोलमनच्या वेलँड शाळेला त्या वर्षी अजिंक्यपद मिळालं नव्हतं. उपांत्य सामन्यात कार क्रीकने त्यांना ६८-६७ असं एका गुणाने हरवलं. पण चार सामन्यांत कोलमनचे गुण असे: ५०, ३९, २८ आणि तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात ६८. एकूण १८५. एक मुलगी म्हणते, हरलेला मुलगा स्पर्धा गाजवेल कशी? दुसरा म्हणतो, १८५ गुण करून गाजवली नाही तर काय केली? मला दोघांचंही पटतं, पण भिंतीवर वाक्य एकच लागणार. मदत करा.

दापोलीहून

ताई, मुलगा बरोबर आहे. ‘गाजणे’ हे संस्कृत ‘गर्ज्’ धातूपासून आलेलं क्रियापद. मूळ अर्थ आवाजाचा. ढग गाजतात, समुद्र गाजतो. पुढे नाव गाजतं, भाषण गाजतं, खटलासुद्धा गाजतो, आणि गाजलेल्या खटल्यात कोण जिंकलं ते अनेकांना आठवतही नाही. ‘गाजवणे’ हे त्याचं प्रयोजक रूप, म्हणजे दुसऱ्या कशाला तरी गाजायला लावणं. सभा गाजवली, फड गाजवला, मैदान गाजवलं. यांत कुठेही निकालाची अट नाही.

निकालासाठी भाषेने वेगळी क्रियापदं ठेवली आहेत. कुस्तीत ‘मैदान मारलं’ म्हटलं की समोरचा चितपट झाला. ‘मैदान गाजवलं’ म्हटलं की बघणारे उठून उभे राहिले. दोन्ही एकाच पैलवानाने करावं असा नियम नाही.

मालवणहून

सर, आमच्याकडे याला जिवंत पुरावा आहे. दशावतारात राक्षसाचं काम करणारा नट शेवटी देवाच्या हातून मरतोच, कथाच तशी असते. पण पहाटे देवळातून घरी निघालेली माणसं बोलत असतात, ‘तेना रात गाजवल्यान!’ आणि ते बोलणं बहुतेक वेळा राक्षसाचं काम केलेल्याबद्दल असतं. तो मेला म्हणून त्याने रात गाजवली नाही, असं म्हणणारा माणूस मला इथे भेटलेला नाही. कोलमनला हा शब्द अगदी चपखल बसतो. ठेवाच.

अलिबागहून

मालवणच्या दादांचं ऐकलं, तरी माझी शंका फिटली नाही. नाटकात निकाल आधीच ठरलेला असतो, खेळात तो मैदानावर ठरतो. गेली कित्येक वर्षं मी कबड्डीच्या बातम्या लिहितो. ‘अमक्याने स्पर्धा गाजवली’ असं शीर्षक दिलं की वाचक विजेत्या संघातला खेळाडू शोधतो. हारलेल्या संघातल्या चढाईपटूबद्दल आम्ही ‘झुंज दिली’, ‘लढत दिली’, ‘एकाकी झुंज’ असे शब्द वापरतो. व्युत्पत्ती काहीही सांगो, आज वाचणाऱ्याच्या डोक्यात काय येतं हेही बघायला हवं.

दापोलीहून

‘झुंज दिली’ या शब्दात सहानुभूती आहे, ती मला कोलमनच्या बाबतीत खटकते. झुंज देणारा माणूस कमी पडलेला असतो. ६८ गुण करणारा मुलगा कुठे कमी पडला? त्या सामन्यात समोरच्या बेल काउंटीच्या संपूर्ण संघाचे ८९ झाले. शीर्षकाच्या सवयीमुळे शब्दाचा अर्थ आखडत असेल तर तो पुन्हा सैल करायचं काम शाळेच्या भिंतीवरच व्हायला हवं, आणखी कुठे होणार?

रत्नागिरीहून

‘गाजवली’ ठेवते. पण पुढच्याच ओळीत ‘वेलँडला तिसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले’ हे घालते, म्हणजे वाचणाऱ्याची दिशाभूल नको. आता ‘एकहाती’कडे या. माझा खरा जीव तिथे अडकला आहे, कारण हा शब्द मुलं कुठेही चिकटवतात.

अलिबागहून

यात माझ्या धंद्याचा दोष मोठा आहे. ‘एकहाती’ आणि ‘एकतर्फी’ यांची आम्ही पार खिचडी केली. ३५-१२ अशा निकालाला ‘एकहाती विजय’ म्हणतात, तिथे शब्द ‘एकतर्फी’ हवा. ‘एकहाती कारभार’, ‘एकहाती सत्ता’ हे खरे प्रयोग: सगळं एकाच्या हातात, दुसऱ्याला त्यात वाटा नाही. आता मला सांगा, पाच जणांच्या खेळात असा विजय होतो कसा?

प्लम्पचा सामना त्या दृष्टीने नीट पाहा. मायलन हे छोटं गाव, हायस्कूलमध्ये मुलं-मुली मिळून १६१. अंतिम सामना मन्सी सेंट्रलशी, ती शाळा कितीतरी मोठी. इंडियानात तेव्हा लहान-मोठ्या सगळ्या शाळा एकाच गटात खेळत. गट वेगळे झाले ते थेट १९९७-९८ पासून. त्या अंतिम सामन्यात मायलन मागे असताना शेवटच्या सत्रात प्लम्पने चार मिनिटांहून अधिक काळ चेंडू हातात धरून ठेवला. टप्पा नाही, पास नाही, नुसता उभा. शेवटी ३०-३० झाले. काही सेकंद उरले असताना ठरलं की फेक प्लम्पने करायची, आणि बाकीचे चौघे एका बाजूला सरकले, त्याला एकट्याला वाट मोकळी करून दिली. त्याने साधारण पंधरा फुटांवरून उडी मारून चेंडू टाकला. ३२-३०.

आता गंमत बघा. ज्याला सगळे ‘एकहाती’ म्हणतात त्या सामन्यात मायलनकडून सर्वाधिक गुण प्लम्पचे नव्हतेच, रे क्राफ्टचे होते. आणि शेवटची ती फेक झाली ती चौघे सरकले म्हणून. ‘एकहाती’ हा शब्द त्या चौघांचं सरकणं खोडून टाकतो.

चिपळूणहून

मी शाळेत बास्केटबॉल खेळले आहे. जांभ्याच्या खडीवर घातलेल्या कोर्टवर, जिथे टप्पा कधी कुठे उडेल याचा भरवसा नसायचा आणि पावसाळ्यात शेवाळ धरलं की खेळच बंद. त्यामुळे हे सरकणं काय असतं ते मला माहीत आहे. जिच्या अंगावर आपलं लक्ष आहे ती खेळाडू बाजूला गेली की तुम्हालाही तिच्यामागे जावं लागतं, नाहीतर ती मोकळी सुटते. म्हणजे मायलनच्या चार मुलांनी मन्सीच्या चार मुलांना सोबत ओढून नेलं. हे काम बातमीच्या गुणतक्त्यात कुठेच उमटत नाही. निदान शब्दाने तरी ते पुसू नये.

प्लम्पसाठी मी ‘निर्णायक’ म्हणेन. ‘प्लम्पच्या निर्णायक फेकीमुळे मायलन जिंकले.’ फेक त्याची, जिंकणं मायलनचं.

मालवणहून

मग कोलमनला ‘एकहाती’ चालेल का? वेलँड म्हणजे एकखांबी तंबूच होता ना?

दापोलीहून

वजाबाकी करून पाहा. बेल काउंटीविरुद्धच्या त्या सामन्यात वेलँडचे एकूण १२२. कोलमनचे ६८ काढले तरी ५४ उरतात. एकखांबी तंबूत ५४ गुणांचा दुसरा खांब कसा असेल? शिवाय ‘एकखांबी तंबू’ ही स्तुती नव्हे, इशारा आहे. खांब गेला की तंबू आडवा, असं सुचवायचं असतं तेव्हा तो वापरतात. संस्थेबद्दल, पक्षाबद्दल ठीक. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या कौतुकात तो नको.

अलिबागहून

‘हुकमी एक्का’ मात्र मला मान्य आहे. पत्त्यांतला हुकूम, त्याचा एक्का. कुणी कितीही मोठं पान टाकलं तरी हे वर बसणार. त्यातून ‘हुकमी’ म्हणजे मागितल्या क्षणी येणारं, हमखास. मासळी बाजारात ‘हुकमी गिऱ्हाईक’ म्हणतात ते याच अर्थाने.

बेलीचा १९९० चा अंतिम सामना हुकमी या शब्दाची व्याख्याच आहे. समोर कॉन्कॉर्ड. सामना संपायला तीनेक मिनिटं असताना बेडफर्ड नॉर्थ लॉरेन्स, म्हणजे बेलीची शाळा, मागे होती. तिथून पुढचे बेडफर्डचे सगळे ११ गुण एकट्या बेलीचे. ६३-६० ने जिंकले. त्याचे सामन्यातले गुण ३०. इंडियानापोलिसच्या हुझिअर डोममध्ये तो सामना बघायला ४१,०४६ माणसं होती, एका शालेय सामन्याला! चार वर्षांत त्याने केलेले ३,१३४ गुण हा राज्याचा विक्रम झाला. लागतील तेव्हा, लागतील तितके गुण देणारा तो खेळाडू होता.

चिपळूणहून

मान्य. फक्त ‘बेडफर्डचा हुकमी एक्का होता’ एवढ्यावर थांबू नका. शेवटचे ११ गुण लिहा, म्हणजे शब्दाखाली जमीन येईल. नुसता शब्द टाकला की तो प्रत्येक शाळेतल्या प्रत्येक चांगल्या खेळाडूला लागू पडतो.

रत्नागिरीहून

लिहिते. आता चौथं वाक्य. ‘सर्वश्रेष्ठतम’ मी खोडणारच आहे, पण का खोडायचं ते मुलांना नीट सांगायचं आहे.

दापोलीहून

सांगायला सोपं आहे. संस्कृतात ‘श्रेष्ठ’ हेच मुळात शेवटच्या पायरीचं रूप. प्रशस्य, श्रेयस्, श्रेष्ठ. त्याच्यावर पायरी नाही. ‘उत्तम’मधला ‘तम’ही तोच, ‘उद्’ म्हणजे वर, ‘उत्तम’ म्हणजे सगळ्यांत वरचा. मराठीत हे शब्द वापरून वापरून ‘चांगला’ या पातळीवर उतरले, म्हणून आपण पुढे ‘सर्व’ जोडतो. ‘सर्वोत्तम’, ‘सर्वश्रेष्ठ’ हे रुळलेले आहेत, त्यांना माझा विरोध नाही. पण ‘सर्वश्रेष्ठतम’मध्ये एकाच माणसाच्या डोक्यावर तीन मुकुट झाले.

आणि रॉबर्टसनला त्याची गरज नाही. तथ्यं लिहा.

चिपळूणहून

तथ्यं मी देते, मला हा मुलगा पाठ आहे. त्याची शाळा क्रिस्पस अटक्स, इंडियानापोलिसमध्ये कृष्णवर्णीय मुलांसाठी १९२७ साली वेगळी काढलेली. राज्यस्पर्धेचं दार त्यांच्यासाठी १९४२ पर्यंत बंदच होतं. १९५४ मध्ये याच मायलनने अटक्सला अंतिम फेरीच्या अलीकडे ६५-५२ ने हरवलं, तेव्हा रॉबर्टसन अटक्सच्या संघात होता. पुढच्या वर्षी, १९५५ मध्ये, गॅरी रूझवेल्टला ९७-७४ ने हरवून अटक्स अजिंक्य झाली. सर्व शाळांसाठी खुली असलेली राज्यस्पर्धा जिंकणारी ही देशातली पहिली कृष्णवर्णीय शाळा. १९५६ मध्ये पुन्हा जिंकली, तेही संपूर्ण हंगामात एकदाही न हरता. इंडियानात असं त्याआधी कुणी केलं नव्हतं. त्या अंतिम सामन्यात रॉबर्टसनचे ३९ गुण, लफायेट जेफरसनवर ७९-५७ ने मात. प्रशिक्षक रे क्रो.

माझ्या मते भांडण इथेच मिटतं. गाजवली म्हणा, जिंकली म्हणा, दोन्ही क्रियापदं न ओढाताण करता ज्याला लागतात तो हा. कोलमनला एक लागतं, प्लम्पला दुसरं.

पण एक गोष्ट भित्तिपत्रकात जरूर घ्या. १९५५ च्या विजयानंतर मायलनसारखी मनमोकळी मिरवणूक त्यांच्या वाट्याला आली नाही. शहराच्या मध्यभागी थोडा वेळ फिरवून गाडी कृष्णवर्णीय वस्तीतल्या पार्ककडे नेली. त्या मुलांच्या मनात हे कायमचं राहिलं, रॉबर्टसन पुढे आयुष्यभर त्याबद्दल बोलत आला. ‘विजय साजरा झाला’ असं साजरा करणाऱ्याला लपवणारं वाक्य मुलांनी लिहिलं असेल तर ते बदला. कुणी साजरा केला आणि कुणी करू दिला नाही, ते कर्त्यासकट लिहा.

रत्नागिरीहून

तसंच वाक्य होतं. बदललं. मुलांना वाचून दाखवलं तेव्हा वर्गात बराच वेळ चर्चा झाली, ती बास्केटबॉलबद्दल नव्हती.

मजकूर असा झाला: ‘कोलमनने १९५६ ची केंटकीची स्पर्धा गाजवली, वेलँडला तिसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. प्लम्पच्या निर्णायक फेकीमुळे १९५४ मध्ये मायलन जिंकले. बेडफर्डचे शेवटचे ११ गुण करणारा बेली हा त्यांचा हुकमी एक्का. रॉबर्टसनने अटक्सला लागोपाठ दोन अजिंक्यपदे मिळवून देण्यात सिंहाचा वाटा उचलला.’

आणखी एक राहिलं. इंडियानाच्या अंतिम सामन्यानंतर ट्रेस्टर यांच्या नावाचा एक सन्मान देतात. प्लम्पला १९५४ मध्ये मिळाला, बेलीला १९९० मध्ये. मुलांनी ‘सर्वोत्तम खेळाडू पुरस्कार’ लिहिलं होतं. पण तो गुणांसाठी नसतो, मनोवृत्ती, अभ्यास, नेतृत्व हे पाहून देतात. ‘खेळाडूवृत्ती’ लिहू का?

दापोलीहून

‘खिलाडूवृत्ती’ म्हणा. ‘खेळाडू’ हे नाम झालं, खेळणारा. ‘खिलाडू’ हे विशेषण, मनाने मोकळा, हार-जीत अंगाला लावून न घेणारा. मूळ एकच, पण वापरात वाटा फुटल्या आहेत. खेळाडू असून खिलाडू नसणारे पुष्कळ असतात. फक्त अभ्यास आणि नेतृत्व या शब्दात मावत नाही, तेव्हा कंसात न घालता पुढे एक वाक्य द्या.

अलिबागहून

मी ‘वृत्ती’ एवढंच ठेवलं असतं. पण सरांचं चालेल. भिंतीवर लागलं की कळवा, मुलांच्या परवानगीने रविवारच्या पानात घेईन.