तलावपाळीचा सर्व्हे: ४०० फॉर्म पुरेत?
चालण्याने बीपी उतरतं का, हे पाहायला तुम्ही ठाण्याच्या तलावपाळीवर, तलावाकाठी, सर्व्हे केलात; पण "४०० फॉर्म भरून घेतले, म्हणजे नमुना मोठाच" हे तुमचं म्हणणं पटलं नाही. तलावपाळीवर सकाळी सहाला भेटणार कोण? चालायला येणारेच. गुडघे धरून बसलेले घरी, नोकरदार लोकलमध्ये. नमुना मोठा असला तरी एकाच बाजूला झुकलेला असू शकतो. १९३६ साली अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाकडे २० लाखांहून जास्त उत्तरं आली, तरी उमेदवार लँडन जिंकणार हा त्यांचा अंदाज सपशेल आपटला; त्यांच्यासमोरच्या रूझवेल्टनी ४८ पैकी ४६ राज्यं घेतली.

शिवाय बीपी आणि चालणं तुम्ही एकाच दिवशी विचारलंत. चालण्याने बीपी उतरलं, की तब्येत बरी म्हणून चालणं जमतं? आधी काय, नंतर काय हे कळायला तीच माणसं वर्षभर पुन्हा पुन्हा गाठायला हवीत (आमच्या सोसायटीत दुसऱ्या मीटिंगलाही कोणी फिरकत नाही, ते सोडा). ते जमणार नसेल, तर फॉर्मसाठी निदान मतदार यादीतलं दर पन्नासावं नाव तरी उचला, म्हणजे घरी बसलेले आणि नोकरदारही त्यात येतील.