संगमरवरी ओट्यावरील तेलाचा डाग आणि गेलेली चकाकी : मदत हवी आहे

नमस्कार. आमच्या स्वयंपाकघरातील पांढऱ्या संगमरवरी ओट्यावर दोन वेगळ्या प्रकारच्या खुणा पडल्या आहेत. दोन्हींवर एकच उपाय चालेल असे वाटत नाही, म्हणून जाणकारांचा सल्ला हवा आहे.

सिंकच्या कडेच्या खुणा वरून पाहिल्यास दिसतही नाहीत. पण डोळे ओट्याच्या पातळीला आणून तिरप्या उजेडात पाहिले, की पेल्याच्या बुडाएवढी निस्तेज वर्तुळे उठून दिसतात आणि बोट फिरवल्यावर दगड तिथे किंचित खरखरीत लागतो. संगमरवर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर पडले की त्याचा वरचा पातळ थर विरघळतो, त्यामुळे हा डाग नसून त्या जागेचे पॉलिशच गेले आहे, अशी माझी जवळजवळ खात्री झाली आहे. येथे टिन ऑक्साइडची पावडर (दगडाला चकाकी आणणारी पॉलिश पावडर) ओल्या फेल्टने, म्हणजे नमद्यासारख्या जाड कापडाने, हाताने घासणे पुरेसे होईल, की खरखर जाणवते म्हणून आधी बारीक डायमंड पॅड (हिऱ्याचे बारीक कण बसवलेल्या घासण्याच्या चकत्या) वापरावे लागतील? संपूर्ण ओटा मशीनने घासून घेण्याची माझी मुळीच इच्छा नाही.

शेगडीजवळचा डाग तेलाचा आहे. तेथे चकाकी शाबूत आहे, फक्त रंग गडद झाला आहे, म्हणजे तेल आत मुरले आहे. खाण्याचा सोडा पाण्यात दाटसर कालवून लेप दिला, प्लास्टिकने झाकून एक दिवस ठेवला आणि नंतर उघडा वाळू दिला. डाग फिका झाला, पण गेला नाही. हाच लेप पुन्हा पुन्हा द्यावा, की चिनी मातीत ॲसिटोन कालवून पाहावे? ॲसिटोन चटकन पेट घेते, त्यामुळे शेगडी बंद ठेवण्याची काळजी अर्थातच घेईन.

कृपया फरशीचे ॲसिड किंवा घासण्याची पावडर सुचवू नये. ग्रॅनाइटचा कठीणपणा मोहस् मापनात (खनिजांचा कठीणपणा 1 ते 10 मध्ये मोजणाऱ्या मापनात) 6 ते 7 असतो, संगमरवराचा जेमतेम 3 च्या आसपास. ग्रॅनाइट जे सोसतो ते याला सोसत नाही.

सीलर (दगडाची छिद्रे भरणारे द्रव्य) डाग मुरणे लांबवतो, आम्लापासून मात्र वाचवत नाही, हे मला ठाऊक आहे. तेल पूर्ण निघण्याआधी तो लावला तर डाग आतच अडकेल, हेही पटते. मग लेपानंतर दगड पुरेसा कोरडा झाला आहे, हे नेमके कसे ओळखावे?