गोठा नव्हता म्हणता, मग गव्हाण कुठून आली?

बावखलकाठ (धागा सुरू करणारा)

परवा आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लांबलचक मजकूर आला आणि त्याखाली चाळीसेक जणांनी हात जोडले. मजकुराचं म्हणणं असं, की येशू गोठ्यात जन्मलाच नाही, ती भाषांतराची चूक. बेथलेहेम हे मरियेचा नवरा योसेफ याच्या घराण्याचं गाव, तिथे त्याचे नातलग होते, बाळंतपण चांगल्या भरल्या घरात झालं. 'गरीब येशू' ही धर्मगुरूंनी लोकांना रडवायला रचलेली कथा. खाली 'सत्य जाणा, पुढे पाठवा'.

दोन दिवस मनात घोळतंय, म्हणून सविस्तर लिहितो.

शब्दाबद्दलचं त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. लूकच्या शुभवर्तमानात बाळाला गव्हाणीत निजवतात, कारण 'कातालुमा'त त्यांना जागा नसते; आपल्या बायबलात तिथे 'उतारशाळा' आहे. हाच शब्द लूक बाविसाव्या अध्यायात शेवटच्या भोजनाच्या खोलीला वापरतो. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात खरी धर्मशाळा येते तेव्हा त्याचा शब्द वेगळा आहे, 'पांदोखेइओन'. म्हणजे 'जागा नाही' म्हणून दार लावून घेणारा धर्मशाळेचा मालक आपल्या नाताळच्या नाटुकल्यांतला, लूकमध्ये तो नाही. बैल आणि गाढवही नाहीत, ते जुन्या करारातल्या यशयाच्या पहिल्या अध्यायातून आले.

पण गव्हाण आहे. एका अध्यायात तीनदा आहे: सातव्या वचनात, बाराव्यात आणि सोळाव्यात. बाराव्यात तर देवदूत मेंढपाळांना ती खूण म्हणून सांगतो. बाळंत्यात गुंडाळलेलं बाळ घरोघरी असतं, गव्हाणीत निजवलेलं त्या रात्री एकच असणार. आणि पुढे मरिया-योसेफाने मंदिरात काय वाहिलं? जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या बाराव्या अध्यायाप्रमाणे बाळंतिणीने कोकरू आणायचं, ऐपत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं. लूकमध्ये कोकराचं नाव नाही, पाखरंच आहेत. गरिबी धर्मगुरूंनी रचली म्हणणाऱ्यांनी हे वचन वाचलंय का?

बेथलेहेमपासून जेमतेम पाच किलोमीटरवर हेरोद राजाचा किल्ला-महाल होता, हेरोदियम. डोंगराच्या माथ्यावर, लांबून दिसणारा. खूण तिथली असती तर मेंढपाळ पायथ्यालाच अडले असते. शेणामातीच्या पायांनी थेट आत जाता येईल अशा जागी देव आला. माझी सारी श्रद्धा या एका गोष्टीवर उभी आहे. माझे वडील वाडीतून उशिरा यायचे, तरी नाताळच्या रात्री म्हशीपुढे पेंढा टाकल्याशिवाय मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, निघायचे नाहीत. आई घाई करायची. ते म्हणायचे, "आज पहिला मान हिचा."

ढाळज

तुमच्या वडिलांना नमस्कार. पण मुद्द्यावर मी त्या मजकुराच्या बाजूने आहे, निदान अर्ध्या.

तुम्ही गव्हाण म्हटलं की गरिबी धरून चालता. माझा जन्म सोलापूरकडचा, माळवदाच्या घरात. दारातून आत आलं की ढाळजेत बैल, पुढे चार पायऱ्या चढून माणसं. थंडीत आजी आम्हाला मुद्दाम बैलांच्या अंगाला निजवायची, त्यांच्या उबेत. आम्ही गरीब नव्हतो, गावात ज्याच्याकडे बैलजोडी तो खाऊनपिऊन सुखी. केनेथ बेली हे अभ्यासक चाळीस वर्षं मध्यपूर्वेत शिकवत होते, त्यांनी तिथल्या शेतकऱ्यांच्या घरांवरून हेच मांडलं: एक मोठी खोली, टोकाला जनावरांची खालची जागा, जमिनीच्या कडेला गव्हाण. पाहुण्यांची खोली आधीच भरलेली, म्हणून घरच्यांनी त्यांना आपल्यातच घेतलं. मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात मागी लोक (पूर्वेकडचे ज्ञानी) येतात तेही 'घरात'.

मला चीड याची आहे, की दर नाताळला व्यासपीठावरून सांगतात, बेथलेहेमने येशूला दार बंद केलं. कुणी केलं? पाहुण्यासाठी जीव टाकणाऱ्या गावावर शतकानुशतकं खोटा आळ, आणि तो फिरून यहुद्यांवर जातो. त्याचे परिणाम युरोपात काय झाले ते सगळ्यांना ठाऊक आहे.

बावखलकाठ

आळाबद्दल बरोबर आहे, मी स्वतः लहानपणी तो मालक झालो होतो. पण घरात पाहुणी बाळंत झाली आणि बाळाला ठेवायला गव्हाणीशिवाय जागा उरली नाही, ही अडचण नव्हे तर काय?

नगरची_लेक

तुम्ही दोघं घर की गोठा यावर भांडताय. मला विचारायचंय, या कथेचा वापर कोणावर झाला?

माझे पणजोबा गावकुसाबाहेरचे. मिशनच्या काळात ख्रिस्ती झाले. लहानपणी दर डिसेंबरला आमच्या मंडळीत उपदेश ठरलेला: येशू तुमच्यासारखाच गरीब जन्मला, म्हणून कुरकुर करू नका. त्याच मंडळीत पुढचे बाक कोणाचे हे पण ठरलेलं होतं. माझी आई उपासनेनंतर झाडलोट करायला थांबायची, तिला कोणी सांगितलेलं नसायचं, तरी ते तिचंच काम होतं.

प्रेषित पौल करिंथकरांना पत्रात लिहितो, येशू धनवान असता तुमच्यासाठी दरिद्री झाला. 'झाला.' फिलिप्पैकरांना लिहितो, त्याने स्वतःला रिक्त केलं. जो वर होता तो आपण होऊन खाली आला, त्याला नम्रता म्हणतात. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या खाली दाबून ठेवलं त्याच्यावर अन्याय झालाय, त्याला गव्हाण दाखवून समाधान मानायला सांगू नका. गव्हाणीचा उपदेश पुढच्या बाकांना करा. मरियेचं गीत लूकच्या पहिल्याच अध्यायात आहे: अधिपतींना राजासनांवरून ओढून काढलं, दीनांना उंच केलं. गव्हाणीच्या आधी ते वाचलं जात नाही, कारण ते पुढच्या बाकांना टोचतं.

पाचूबंदर

ताई, पुढच्या बाकांचं बोललात म्हणून मी आमच्याकडचं सांगतो. आमच्या भागातल्या एका धर्मग्रामात (चर्चच्या हद्दीत) नाताळच्या गोठ्याच्या देखाव्यांची स्पर्धा असते. गेल्या वर्षी पहिला आलेला देखावा मी पाहिला. धबधबा, फिरणारी पवनचक्की, हलणारे उंट, धूर सोडणारं यंत्र. माझ्या पाच वर्षांच्या नातीने विचारलं, "आजोबा, बाळ कुठेय?" मला दाखवता येईना. एका पुलाखाली होतं, रंगीत दिव्यांच्या उजेडात दिसत नव्हतं.

संत जेरोम चौथ्या शतकाच्या शेवटी बेथलेहेममध्येच राहत होता. तिथली मातीची गव्हाण काढून चांदीची बसवली होती, आणि तो प्रवचनात म्हणाला की काढून टाकली तीच मला जास्त मोलाची. तेव्हापासून हेच चाललंय. स्पर्धा बंद करा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पेंढा_कुठे_मिळतो

मी त्या स्पर्धेत काम करणारा. नेमकी कोणती ते सांगत नाही, पण पवनचक्की आमच्याही देखाव्यात होती.

पाचूबंदर काका, तीन आठवडे रात्री दोन-दोन वाजेपर्यंत आळीतली वीस पोरं एकत्र बसतात. त्यातली अर्धी एरवी रविवारी चर्चकडे फिरकत नाहीत. माझा धाकटा भाऊ वडील गेल्यावर दीड वर्ष मिस्सेला आला नव्हता. देखाव्याची वायरिंग करायला आला, मग मध्यरात्रीच्या मिस्सेला थांबला. तुमच्या नातीला बाळ दिसलं नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. पण माझ्या भावाला ते तिथेच दिसलं.

आणि पेंढा वापरा म्हणता, तो आणायचा कुठून? भातशेती कोणी विकली, वाड्यांवर इमारती कोणी बांधू दिल्या? आमच्या पिढीने नाही. थर्माकोलवर २०१८मध्ये बंदी आली तेव्हा आम्ही पुठ्ठा आणि गोणपाट वापरायला शिकलो, तेव्हा तुमच्यापैकी एकानेही शाबासकी दिली नाही.

पाचूबंदर

जमिनीचा विषय इथे काढायची गरज नव्हती. मी माझी एक गुंठाही विकलेली नाही.

ढाळज

मला विचाराल तर देखावाच नको. वचन वाचा, गीत गा, पुरे. मूर्ती मांडल्या की स्पर्धा येणारच. संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चिओला गव्हाण मांडली तीत मूर्ती नव्हत्याच. गवत, खरा बैल, खरं गाढव आणि गव्हाणीवर मिस्सा. जागा रिकामी होती.

पेंढा_कुठे_मिळतो

म्हणजे तुमच्या आजीने तुम्हाला बैलाशेजारी निजवलेलं चालतं, आमच्या पोरांनी मातीचा बैल केलेला चालत नाही?

ढाळज

आजीला मध्ये आणू नका.

पाचूबंदर

आजी तुम्हीच आणलीत. आणि फ्रान्सिस आम्हा कॅथलिकांचा संत आहे, सोयीपुरता उसना घेऊ नका. खरा बैल आणणारा माणूस देखाव्याच्या विरोधात होता म्हणणं हा उलटा न्याय झाला. मी स्पर्धेच्या विरोधात आहे, गोठ्याच्या नाही.

सुईणीची_नात

इतकं सगळं वाचलं. अजून एकानेही बाळंतपणाबद्दल लिहिलेलं नाही.

माझी आजी कोकणात सुईण होती. घर भरलेलं असलं की बाळंतिणीची सोय गोठ्यालगतच्या पडवीत व्हायची. उबेसाठी, आडोशासाठी, आणि विटाळ म्हणूनही, हे लपवण्यात अर्थ नाही. लेवीयच्या बाराव्या अध्यायात कोकरू-पाखरांच्या आधी काय लिहिलंय ते वाचा: मुलगा झाला तर बाई सात दिवस अशुद्ध. नातलगांनी गच्च भरलेल्या पाहुण्यांच्या खोलीत पोरीला वेणा सुरू झाल्या तर कोणती बाई तिला सगळ्यांसमोर तिथेच ठेवील? 'त्यांना जागा नव्हती' याचा अर्थ मला नेहमी असा लागतो, की बाळंत होण्याजोगी जागा नव्हती. लूकने हे कारण दिलेलं नाही, मला कळतं. पण आजीबरोबर जाऊन मी दोन बाळंतपणं जवळून पाहिली आहेत, आणि दोन्ही वेळा बाळ आधी सुपात, गवतावर फडकं घालून ठेवलं होतं. कोणाला अपमान वाटला नाही. आईचे हात मोकळे नव्हते, एवढंच.

नगरची_लेक

हे पटलं. विटाळ हा शब्द आमच्या घराला दुसऱ्या बाजूने माहीत आहे. ज्यांना शिवायचं नाही त्यांच्या जागी येशू ठेवला गेला असेल, तर माझ्यासाठी या वचनाचं वजन वाढतं.

आणखी एक. २०२३च्या नाताळात बेथलेहेमच्या लुथरन चर्चने बाळ विटासिमेंटच्या ढिगाऱ्यात ठेवलं होतं, गाझातल्या मुलांसाठी. गव्हाण नव्हती, गवत नव्हतं. त्या गावातल्या ख्रिस्ती लोकांना गव्हाणीचा अर्थ आपल्याहून लवकर कळला.

ढाळज

राजकारण आणू नका.

नगरची_लेक

हेरोद राजकारणच होता.

बावखलकाठ

रात्री हे सगळं पुन्हा वाचलं.

ढाळज, 'गोठा' हा शब्द लूकमध्ये नाही आणि ती इमारत घरही असू शकते, हे मी ग्रुपवर लिहितो. मनाविरुद्ध लिहितो, पण लिहितो. त्याखाली पाखरांचं वचनही टाकणार आहे, ते तुम्ही खोडलेलं नाही.

ताई, तुमच्या उत्तरावर मी अडकलो. आमची जमीन होती, आमची म्हैस होती. वडील म्हशीपुढे वाकायचे ते घरचे मालक म्हणून, आणि शेण काढायला येणारी बाई त्या रात्रीही तिच्या वेळेला यायची. ती मिस्सेला कधी जायची, हे मी त्यांना विचारलं नाही. वडील आता नाहीत. आईला विचारलं, तिला आठवत नाही.

स्पर्धेबद्दल माझं मत पाचूबंदर यांच्याकडे झुकतं, पण वायरिंग करणाऱ्या त्या भावाचं वाचल्यावर 'बंद करा' म्हणायला जीभ रेटत नाही.

पाचूबंदर

बंद नको म्हणता तर निदान एक नियम करा. बाळ पुढे ठेवा, पाच वर्षांच्या पोराच्या नजरेच्या उंचीवर. पवनचक्की मागे.

पेंढा_कुठे_मिळतो

हे होईल. यंदाचा सांगाडा अजून बांधायचाय. नातीला चोवीस तारखेला संध्याकाळी घेऊन या, दिवे मी आधी बंद करून दाखवीन.