अंडर-१३ फुटबॉल: मैदानात 'चिंकी', 'काळ्या' ऐकू आलं तर पालकांनी नेमकं काय करायचं?

पाषाणची_आई

मुलगा १२ वर्षांचा, अंडर-१३ लीगमध्ये लेफ्ट विंगला खेळतो. बाबा मिझोरामचे आणि हा दिसायला थेट बाबांवर गेलेला. रविवारच्या सामन्यात समोरच्या दोन मुलांनी 'चिंकी', 'मोमो' करून डिवचलं. उत्तरार्धात लाइनीबाहेरच्या एका पालकाने मोठ्याने 'ए नेपाळी, घरी जा' म्हटलं. रेफ्रीने ऐकलं नाही की ऐकून सोडलं, कळलं नाही. आमच्या कोचचं म्हणणं, "ताई, मैदानात हे चालतंच, त्याला टफ व्हायला सांगा."

धीर देऊ नका, क्रम सांगा. सामना चालू असताना काय करायचं, संपल्यावर काय, तक्रार कुणाकडे आणि कशी, पोलिसांत जायचं का. पोराचं खेळणं बंद पडता कामा नये, एवढीच अट.

शिट्टी_खिशात

फुटबॉलमध्ये तुम्हाला काय आठवतंय त्यापेक्षा रेफ्रीच्या रिपोर्टात काय लिहिलंय याला वजन असतं. शिस्तपालन समिती पहिला कागद तोच मागते. त्यामुळे सामना चालू असताना करायचं ते सगळं त्या कागदात एक ओळ यावी म्हणून.

नियम १२ प्रमाणे अपमानास्पद भाषा किंवा हावभाव म्हणजे थेट रेड कार्ड. आधी यलो दाखवावं लागत नाही. अडचण अशी की ते रेफ्रीने किंवा लाइन्समनने स्वतः ऐकलेलं-पाहिलेलं लागतं, दुसऱ्या मुलाने सांगितलं म्हणून कार्ड निघत नाही. पण सांगितल्याची नोंद रिपोर्टात घेता येते, आणि एकदा कानावर घातलं की रेफ्री त्या दोन पोरांच्या आसपास राहतो. खरा फायदा हा दुसरा. लोकल सामन्यांत लाइनवर पुष्कळदा क्लबचीच मोठी मुलं झेंडे घेऊन उभी असतात. त्यांना ऑफसाइडच सांभाळत नाही, त्यांच्या कानांवर विसंबू नका.

रस्ता असा: मुलाने कॅप्टनला सांगायचं, कॅप्टनने बॉल बाहेर गेला की एकट्याने रेफ्रीकडे जायचं. वाक्य घरून पाठ करून न्यावं: "सर, त्यांच्या सात नंबरने आमच्या अकरा नंबरला चिंकी म्हटलं. कृपया नोंद घ्या." एवढंच. पाच जण घोळका करून गेले तर हुज्जत म्हणून यलो तुम्हालाच मिळतं. आणि पालक लाइन ओलांडून आत आले की रिपोर्टात पहिली ओळ तुमच्या क्लबविरुद्ध पडते, मग दुसरी कोण वाचतो?

मे २०२४ मध्ये बँकॉकच्या फिफा काँग्रेसमध्ये वर्णद्वेषाविरुद्ध एक खूण ठरली: दोन्ही मनगटं एकमेकांवर ठेवून फुली. ज्या मुलाच्या तोंडून शब्द फुटत नाही त्याच्यासाठी ही सोपी. लोकल रेफ्रीला ती ओळखता येईलच असं नाही, म्हणून टीमशीट देतानाच कोचने विचारून घ्यावं.

पालक ओरडत असेल तर रेफ्री त्याला कार्ड दाखवू शकत नाही. कार्ड खेळाडूंना, आणि २०१९ पासून डगआउटमधल्या कोच-मॅनेजरना. पण नियम ५ ने सामना थांबवायचा, तहकूब करायचा, बंद करायचा अधिकार रेफ्रीला आहे. वर्णद्वेषासाठी फिफाच्या तीन पायऱ्या त्यावरच बेतलेल्या: पहिल्यांदा थांबवून घोषणा, दुसऱ्यांदा दोन्ही टीम काही वेळ आत, तिसऱ्यांदा सामना बंद. आपल्याकडे घोषणेला स्पीकर कुठला! रेफ्रीने दोन्ही कोचना मध्यरेषेवर बोलावून "त्या गृहस्थांना बाहेर न्या, तोवर शिट्टी वाजणार नाही" म्हटलं की तीच पहिली पायरी. तुमच्या कोचने हेच शब्द वापरून मागणी करावी.

चिडून टीम बाहेर काढू नका. रेफ्रीने थांबवायच्या आत टीम निघाली तर सामना सोडला असं धरून निकाल समोरच्यांना जातो, वर दंडाची शक्यता. तिसऱ्या पायरीवर रेफ्रीने स्वतः बंद केला तर गोष्ट वेगळी.

बाकावरचा_कोच

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण मुळातलं सांगतो. 'टफ हो' म्हणणाऱ्या कोचला हे विचारा: पोराने चिडून ढकललं तर रेड कुणाला? शिवी कुणी ऐकत नाही, धक्का सगळ्यांना दिसतो. डिवचणाऱ्यालाही तेच हवं असतं, अकरा नंबर बाहेर गेला की लेफ्ट विंग मोकळी. हे कोचला डावपेच म्हणून पटवा, नीतीचा धडा म्हणून पटणार नाही.

शिवी झाली की मुलाला लगेच बदलून बाकावर बसवू नये. त्याच्या दृष्टीने ती शिक्षाच. "पाच मिनिटं पाणी पितोस की खेळतोस?" हे विचारायचं, उत्तर त्याचं. खेळायचं म्हणाला तर त्या मिनिटापासून कॅप्टनला त्याच्या बाजूला ठेवायचं.

आणि आपल्याच टीममधली टोपणनावं तपासा. सरावात 'काळू', 'नेपाळी', 'हबशी' चालतं, कोचही त्याच नावाने पास मागतो, मग तक्रार केली की समोरचा क्लब तोच व्हिडिओ पुढे करतो. सीझनच्या पहिल्या सरावालाच ठरवा: हाक फक्त नावाने किंवा नंबराने. कोच स्वतः चुकला तर त्यालाही मैदानाला एक फेरी. हा नियम आठवड्यात रुळतो, पोरांना कोचला पळवायला भयंकर आवडतं.

वयाचं प्रकरण वेगळं ठेवा. उंच, थोराड किंवा सावळा मुलगा दिसला की 'ह्याचं वय चोरलंय' अशी ओरड होते. वयाची शंका घ्यायची रीत आहे: लेखी हरकत, नोंदणीची कागदपत्रं, वरच्या पातळीवर मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय. लाइनीबाहेरून मुलाला 'आधार दाखव' म्हणून ओरडणं त्यात बसत नाही. तेही शब्दशः लिहून घ्या.

क्लबची_फाइल

तक्रार कुणाकडे, हे स्पर्धा कुणाची त्यावर. इथेच निम्म्या तक्रारी वाया जातात.

पुणे जिल्हा फुटबॉल संघटनेची लीग असेल तर त्यांच्याकडे. त्यांच्या वर राज्य संघटना, म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन (नाव अख्ख्या पश्चिम भारताचं, काम महाराष्ट्राचं), आणि त्यावर ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशन. पायऱ्या गाळू नका, वरून पत्र खालीच परत येतं. शालेय स्पर्धा, सुब्रोतो कपच्या जिल्हा फेऱ्या वगैरे असतील तर तुमच्या मुख्याध्यापकांमार्फत जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे. टर्फवरची खासगी स्पर्धा असेल तर फक्त आयोजक. तिथे हातात काय, तर नियमपत्रिका आणि पुढच्या वर्षीची एंट्री फी.

लीगमध्ये तक्रार क्लबच्या लेटरहेडवर जाते, पालकाचं पत्र सोबत जोडायचं. मुदत आणि हरकत फी स्पर्धेच्या नियमपत्रिकेत असते. मुदत थोडी असते, म्हणून सामन्याच्या संध्याकाळीच पत्र तयार ठेवा. ईमेल करा आणि कागदही देऊन प्रतीवर पोच घ्या. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेली तक्रार म्हणजे तक्रार नव्हे.

पत्रात 'वर्णद्वेषी वर्तन झाले' असं मोघम लिहिलं की उत्तर येतं, 'मुलांची चेष्टा होती.' शब्द जसाच्या तसा, अवतरणात. लाज वाटली तरी टिंबं देऊ नका. टीमशीटच्या मागे तिथेच खरडायची नोंद अशी दिसते:

"उत्तरार्ध, १४वे मिनिट. आपला थ्रो, आपल्या बाकासमोर. त्यांचा ७ नंबर आपल्या ११ नंबरला: 'ए मोमो, चिंकी.' ऐकलं: आपला ३ नंबर, बाकावर १५ नंबर. कॅप्टनने रेफ्रीला १६व्या मिनिटाला सांगितलं. २१वे मिनिट, कॉर्नरच्या झेंड्याजवळ निळी टोपी घातलेले गृहस्थ: 'ए नेपाळी, घरी जा.' रेफ्री मध्यरेषेजवळ."

सामना संपल्यावर कोचने रेफ्रीला विचारायचं, "रिपोर्टात घेणार ना?" हो म्हणाले तर पत्रात तसं नमूद करा. नाही म्हणाले तर तेही.

हावभावसुद्धा लिहा. २१ सप्टेंबर २०२३ च्या बेंगळुरू–केरळा ब्लास्टर्स आयएसएल (इंडियन सुपर लीग) सामन्यानंतर ब्लास्टर्सची तक्रार शब्दाबद्दल नव्हती, मेघालयच्या खेळाडूकडे बघून नाक धरल्याबद्दल होती.

पाषाणची_आई

नोंदीचा नमुना अगदी हवा तसा. एका पालकाच्या मोबाइलमध्ये त्या गृहस्थांचा आवाज आलाय. ग्रुपवर टाकू का? आणि कायद्याचं कुणी सांगितलं नाही.

काळा_कोट_शिवाजीनगर

ग्रुपवर अजिबात नको. त्यात समोरची १२ वर्षांची पोरंही दिसत असणार. प्रकरण चौकशीत गेलं तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने मुलांची ओळख उघड करायला मनाई आहे, आणि मनाई तुमच्या मुलाइतकीच त्यांनाही लागू. व्हॉट्सअ‍ॅपवरून व्हिडिओ फिरला की फाइल कॉम्प्रेस होते, मूळ राहत नाही. मूळ फाइल त्या मोबाइलमध्येच राहू द्या, कॉपी केबलने घ्या. पुढे कोर्टात लागली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं.

आता पोलीस. मुलं आणि तो मोठा माणूस वेगळे धरा. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हाच धरत नाहीत, ७ ते १२ मध्ये त्याला समज होती का हे पाहतात, आणि १८ पर्यंत सगळं बाल न्याय मंडळाकडे. 'चिंकी' म्हणणाऱ्या पोरांसाठी तिकडे जाऊ नका, समितीचा मार्ग पुरे.

मोठ्या माणसाचं वेगळं. वडील मिझो, म्हणजे अनुसूचित जमातीचे. मुलाच्या नावे जमातीचा दाखला असेल तर १९८९ चा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा पाहता येतो. कलम ३(१)(आर) सार्वजनिक ठिकाणी जाणूनबुजून अपमानाचं, ३(१)(एस) जातीच्या नावाने शिवीगाळीचं. आई-वडिलांपैकी एकच जमातीचे असले की मूल कोणत्या समाजात वाढलं हा प्रश्न निघतो, म्हणून दाखला आधी बघा. 'महाराष्ट्रात मिझो यादीत नाहीत' असं ठाण्यावर ऐकवतील. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२३ मध्ये सांगितलंय की या कायद्याचं संरक्षण राज्याच्या हद्दीवर अडत नाही. तरी 'नेपाळी' ही जमातीवरून शिवी ठरते का, यावर वाद होणार हे धरून चाला. समोरचा स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर हा कायदा लागत नाही.

मैतेई किंवा आफ्रिकेतल्या कुटुंबातल्या मुलांना हा मार्ग नाही. तिथे भारतीय न्याय संहितेचं कलम ३५२, शांतता बिघडेल असा अपमान. ते अदखलपात्र, म्हणजे ठाण्यात एनसी (अदखलपात्र नोंद) होते आणि पोच मिळते. तीही समितीपुढे ठेवायला उपयोगी. मुलाला धमकी किंवा मारहाण झाली तर १०९८ वर (मुलांसाठीची हेल्पलाइन) फोन करा.

माझं मत: आधी समिती. तीच व्यक्ती दुसऱ्यांदा आली की ठाणं.

बाकावरचा_कोच

घरी विचारताना एकदाच विचारा, तेही खाऊन-पिऊन झाल्यावर. "तू आधी काही म्हणालास का?" हा प्रश्न पहिला नको, पोरं तिथेच गप्प होतात. तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून तारीख टाका. रोज उकरून काढलं तर तपशील बदलत जातात, आणि समितीतला माणूस नेमकं तिथेच बोट ठेवतो. तक्रारीत त्याचं नाव जाणार हे त्याला आधी सांगा. नको म्हणाला तर त्या पालकाविरुद्धची तक्रार क्लबच्या नावाने नंबर घालून करता येते.

शिट्टी_खिशात

एक राहिलं. फिफाच्या संहितेत अशा शेऱ्यासाठी खेळाडूला किमान १० सामन्यांची बंदी आहे, पण तो आकडा अंडर-१३ च्या पत्रात मागू नका. समिती आकड्यावरच वाद घालत बसते. मागणी अशी ठेवा: दोन मुलांना लेखी समज, कोचकडून त्यांच्या पालकांना माहिती, त्या गृहस्थांना उरलेल्या सीझनला मैदानबंदी, आणि परतीच्या सामन्याला संघटनेचा निरीक्षक. चौथी मागणी बहुतेक जण विसरतात. परतीचा सामना कधी आहे तुमचा?

पाषाणची_आई

तीन आठवड्यांनी, त्यांच्याच मैदानावर. पत्र आज क्लबला देते, निरीक्षकाची ओळ सगळ्यात वर.