महाविद्यालयाच्या इमारतीचा आपत्कालीन आराखडा कागदावरून प्रत्यक्षात कसा आणावा?

प्रश्न – इमारत समन्वयक

नमस्कार. आमच्या शैक्षणिक संकुलातील एका चार मजली इमारतीच्या आपत्कालीन व्यवस्थेची जबाबदारी नुकतीच माझ्याकडे आली आहे. तळमजल्यावर वर्गखोल्या, मधल्या दोन मजल्यांवर रसायनशास्त्राच्या आणि जीवशास्त्राच्या प्रयोगशाळा आणि सर्वांत वर अभ्यासिका अशी रचना आहे. आराखडा नावाची एक जाडजूड फाइल कार्यालयात आहे, नकाशे भिंतींवर लावलेले आहेत आणि अग्निशामक नळकांडीही जागोजागी टांगलेली आहेत, तरीही उद्या खरोखर प्रसंग ओढवला तर लोक सुखरूप बाहेर पडतील असे मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

माझ्या अडचणी अशा आहेत. गजर वाजला की बहुतेक जण एकमेकांकडे पाहतात आणि पुन्हा कामाला लागतात. मागच्या जिन्याचे दार चोरीच्या भीतीने कुलूपबंद असते आणि त्याची किल्ली सुरक्षारक्षकाकडे असते. अभ्यासिकेत नियमितपणे येणारी एक विद्यार्थिनी चाकांची खुर्ची वापरते आणि लिफ्ट बंद पडल्यावर तिने खाली कसे यायचे याबद्दल फाइलमध्ये एक ओळही नाही. शिवाय संध्याकाळनंतर इमारतीत विद्यार्थी असतात, पण जबाबदार म्हणता येईल असे कोणीही नसते. या सगळ्यांत आधी कशाला हात घालावा, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर – सुरक्षा विभागात काम केलेला एक सदस्य

आपण प्रश्न अगदी नेमका मांडला आहे. माझे स्पष्ट मत असे आहे की, सर्वांत आधी ते कुलूप काढावे आणि त्यानंतरच बाकीच्या गोष्टींचा विचार करावा. अग्निशमन दल कितीही तत्पर असले तरी पहिली काही मिनिटे इमारतीतल्या माणसांनाच निभावून न्यावी लागतात. धूर भरलेल्या मार्गिकेत किल्लीवाल्या माणसाची वाट पाहणे म्हणजे ती मिनिटे वाया घालवणे होय. चोरीची भीती खरी असेल तर दाराला आतून ढकलताच उघडणारा आडवा दांडा बसवून घ्यावा. तो बाहेरून उघडत नाही, आणि आतून कोणी उघडला तर घंटा वाजेल अशी सोय त्यालाच जोडता येते. विजेवर चालणारे चुंबकी कुलूप बसवणार असाल, तर वीज गेल्यावर किंवा आगीचा गजर वाजल्यावर ते आपोआप सुटते की नाही, हे स्वतः समोर उभे राहून तपासावे. पुरवठादाराच्या शब्दावर विसंबू नये.

जी दारे उघडी असायला हवीत ती बंद असतात आणि जी बंद असायला हवीत त्यांना पाचर लावून ती उघडी ठेवलेली असतात, ही मला अनेक इमारतींत दिसलेली उलटी स्थिती आहे. जिन्यापाशी असलेले आगरोधक दार मिटलेले असले पाहिजे. शिकागो शहरातील अवर लेडी ऑफ द एंजल्स या शाळेला 1 डिसेंबर 1958 रोजी लागलेली आग तळघरातल्या जिन्यापाशी सुरू झाली. पहिल्या मजल्याच्या जिन्याला भक्कम दारे असल्यामुळे त्या मजल्यावरचे बहुतेक सर्व जण बाहेर पडू शकले, पण त्यावरच्या मजल्याला तशी दारे नव्हती आणि धूर थेट वर्गांबाहेरच्या मार्गिकेत शिरला. 92 विद्यार्थी आणि तेथे शिकवणाऱ्या 3 धर्मभगिनी त्या आगीत मृत्युमुखी पडल्या. त्याच शाळेची अग्निसुरक्षा तपासणी काही आठवड्यांपूर्वीच झाली होती आणि त्या वेळच्या नियमांनुसार शाळा उत्तीर्ण ठरली होती. म्हणून तपासणीचे प्रमाणपत्र हाती असले तरी आपण स्वतः प्रत्येक जिना पायी उतरून पाहावा, असा माझा आग्रह आहे.

आता गजराबद्दल. लोक उठत नाहीत यात त्यांचा बेफिकीरपणा थोडा आणि आपली व्यवस्था अधिक कारणीभूत असते. गजर वारंवार खोटा ठरला की कानाला त्याची सवय होते. अमेरिकेतील सीटन हॉल विद्यापीठाच्या वसतिगृहात 19 जानेवारी 2000 च्या पहाटे आग लागली, तेव्हा त्याआधीच्या महिन्यांत झालेल्या अनेक खोट्या गजरांमुळे कित्येक विद्यार्थी अंथरुणातून उठलेच नाहीत. त्या आगीत तिघांचा मृत्यू झाला. म्हणून प्रत्येक खोट्या गजराचे कारण शोधून ते नोंदवहीत लिहावे आणि दूर करावे. धुळीने माखलेला संवेदक, पाणी उकळण्याच्या जागेच्या अगदी वर बसवलेला संवेदक, दुरुस्तीच्या कामातून उडालेली भुकटी ही त्याची नेहमीची कारणे आहेत. तसेच खोटा गजर झाल्यावर कारण काय होते आणि काय दुरुस्त केले, हे त्याच दिवशी सर्वांना कळवावे. एवढ्यानेही पुढच्या गजरावरचा विश्वास टिकतो.

दुसरी बाब अशी की, वर्गातले विद्यार्थी गजराकडे पाहत नाहीत, ते शिक्षकाकडे पाहतात. शिक्षकाने खडू खाली ठेवून "चला, बाहेर पडूया" असे म्हटले की अख्खा वर्ग उठतो, आणि त्याने वाक्य पूर्ण करेपर्यंत बोलणे चालू ठेवले की कोणीही जागचा हलत नाही. म्हणून प्रशिक्षणाचा पहिला गट शिक्षकांचा, प्रयोगशाळा साहाय्यकांचा आणि अभ्यासिकेतील कर्मचाऱ्यांचा असावा.

उत्तर – रसायनशास्त्र प्रयोगशाळेची प्रमुख

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण प्रयोगशाळा असलेल्या इमारतीत केवळ "सगळे सोडून पळा" एवढी सूचना पुरत नाही. गजर वाजल्यावर हाताशी असलेला बर्नर बंद करणे, तापवण्याच्या तबकडीचे बटण फिरवणे आणि फ्यूम हूडची, म्हणजे घातक वाफा बाहेर खेचून नेणाऱ्या कपाटाची, काच खाली ओढणे या गोष्टी काही सेकंदांत होतात आणि त्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या अंगवळणी पडल्या पाहिजेत. त्यापलीकडे काही आवरत बसायचे नाही. वायूची मुख्य झडप आणि विजेचा मुख्य खटका खोलीच्या दारापाशी असेल, तर शेवटी बाहेर पडणाऱ्याने ते बंद करावेत. ते खोलीच्या आतल्या कोपऱ्यात असतील, तर ते बाहेर हलवण्याची मागणी लेखी करावी.

नळकांड्यांविषयी लोकांचे ज्ञान फार अपुरे असते. हातात धरण्याजोगे लहान अग्निशामक साधारणपणे दहा ते वीस सेकंदच चालते, त्यामुळे ते कचऱ्याच्या डब्याएवढ्या आगीसाठी आहे आणि तेही आपली पाठ बाहेर जाण्याच्या दाराकडे असेल तरच वापरावे. पेटलेल्या द्रावकावर किंवा विजेच्या उपकरणावर पाणी मारू नये. कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्यावर दाबमापक नसतो, ते भरलेले आहे की रिकामे हे फक्त वजन करूनच कळते. त्यामुळे नुसते काट्याकडे पाहून तपासणीच्या पत्रकावर सह्या करणारा माणूस या नळकांड्यापाशी काय तपासतो, हे एकदा विचारून पाहावे. लहान बंद खोलीत हे नळकांडे वापरले तर तिथला प्राणवायू कमी होतो, म्हणून लगेच बाहेर यावे.

डोळ्यांत रसायन उडाले तर निदान पंधरा मिनिटे सतत पाण्याने धुवावे लागतात. आपत्कालीन शॉवर आणि डोळे धुण्याचे नळ दर आठवड्याला चालू करून पाहावेत, कारण बराच काळ न वापरलेल्या नळातून आधी गंजाचे तांबूस पाणी येते आणि ते कोणाच्याही डोळ्यांत जाता कामा नये. त्या शॉवरखाली खोकी रचलेली नाहीत ना, हेही त्याच वेळी पाहावे. बहुतेक ठिकाणी रचलेली असतात.

भूकंपाचा सराव आगीच्या सरावापेक्षा वेगळा घ्यावा. हादरे चालू असताना जिन्याकडे धावायचे नसते. जमिनीवर बसावे, मजबूत टेबलाखाली डोके आणि मान झाकून घ्यावी आणि टेबलाचा पाय घट्ट धरून ठेवावा. प्रयोगशाळेत मात्र आधी बाटल्यांच्या मांडण्यांपासून आणि काचेच्या कपाटांपासून दूर सरकावे. वायूचे उंच सिलिंडर साखळीने भिंतीला जखडलेले असावेत, आणि साखळी सिलिंडरच्या मध्याच्या वर असावी, नाहीतर तो साखळीतूनही उलटतो.

प्रश्नकर्त्याची पुरवणी

आपण दोघांनीही इतके सविस्तर लिहिले याबद्दल मनापासून आभार. मागच्या दाराच्या दांड्यासाठी मी आजच पत्र देत आहे. एक शंका राहते. बाहेर जमल्यावर हजेरी घ्यावी असे फाइलमध्ये लिहिले आहे, पण अभ्यासिकेत कोण आले आणि कोण गेले याची नोंदच नसते, मग आत कोणी राहिले आहे का हे कसे कळावे? आणि संपूर्ण संकुलाला सूचना द्यायची झाल्यास ती कोणी द्यावी?

उत्तर – सुरक्षा विभागात काम केलेला एक सदस्य

शाळेच्या वर्गात हजेरी चालते, पण येणे-जाणे खुले असलेल्या इमारतीत ती चालत नाही. तिथे मजला पाहत बाहेर पडण्याची पद्धत ठेवावी. प्रत्येक मजल्यासाठी एक नव्हे, निदान तीन माणसे नेमावीत, कारण त्यांतला एक रजेवर असतो आणि दुसरा दुसऱ्या इमारतीत तास घेत असतो. जो हजर असेल त्याने जिन्याकडे जाताना वाटेतल्या खोल्या आणि स्वच्छतागृहे डोकावून पाहावीत, दारे ओढून घ्यावीत आणि बाहेर येऊन आपल्याला फक्त एवढेच सांगावे की मजला पूर्ण पाहिला, किंवा अमुक भाग पाहता आला नाही. न पाहिलेला भाग कोणता, ही माहिती अग्निशमन दलाला सर्वांत मोलाची असते. धूर असेल तिथे त्याने शिरू नये, हे त्याच्या नेमणुकीच्या पत्रातच स्पष्ट लिहावे.

संध्याकाळसाठी अशी माणसे मिळत नसतील, तर अभ्यासिका उघडी ठेवण्याच्या परवानगीलाच ही अट जोडावी. जबाबदार माणूस नसेल, तर त्या वेळी तो मजला उघडा राहणार नाही. हे विद्यार्थ्यांना आवडणार नाही याची मला कल्पना आहे, तरीही मी या अटीवर ठाम राहीन. वर्षातला एक सराव तरी संध्याकाळीच घ्यावा आणि त्यात एक जिना आधी न सांगता "धुराने भरला आहे" असे म्हणून बंद करावा. रोजच्या सवयीच्या जिन्याने उतरलेल्या सरावातून फार काही शिकायला मिळत नाही. दुसरा जिना किती जणांना ठाऊकच नव्हता, हे त्या दिवशी समजते.

सूचना देण्याचा अधिकार हा फार गंभीर विषय आहे. व्हर्जिनिया टेक विद्यापीठात 16 एप्रिल 2007 रोजी सकाळी सव्वासातच्या सुमारास वसतिगृहात दोघांवर गोळ्या झाडल्या गेल्या, मात्र संकुलाला पहिला ईमेल गेला तो 9 वाजून 26 मिनिटांनी. त्यानंतर काही मिनिटांतच नॉरिस हॉल या इमारतीत गोळीबार सुरू झाला. हल्लेखोराने तिथली दारे आतून साखळ्यांनी बांधली होती. त्या दिवशी एकूण 32 जणांचा बळी गेला. मधल्या वेळात काय कळवावे आणि कोणत्या शब्दांत कळवावे, याच्या बैठका चालू होत्या. पुढे 2008 मध्ये अमेरिकेत कायद्यात बदल झाला आणि धोक्याची खात्री होताच विनाविलंब सूचना देणे तेथील उच्च शिक्षण संस्थांवर बंधनकारक झाले. आपल्या संकुलासाठी यातून घेण्याजोगी गोष्ट अशी की, संदेशांचे मसुदे आजच तयार ठेवावेत आणि कामावर हजर असलेल्या सुरक्षा पर्यवेक्षकाला ते पाठवण्याचा अधिकार द्यावा. संदेशात तीनच गोष्टी असाव्यात: काय घडले, कुठे घडले आणि वाचणाऱ्याने आता काय करायचे. हल्ल्याच्या प्रसंगी "बाहेर पडा" आणि "खोलीतच थांबून दार आतून बंद करा" या दोन सूचना परस्परविरुद्ध असतात, म्हणून आगीच्या गजराचा आवाज त्यासाठी कधीही वापरू नये.

उत्तर – चाकांची खुर्ची वापरणारा संशोधक विद्यार्थी

आपण त्या विद्यार्थिनीचा उल्लेख केलात म्हणून लिहितो आहे. सर्वप्रथम तिच्याशी बोला. तिच्यासाठी काय ठरवायचे याची बैठक तिला बोलावल्याशिवाय होऊ नये. काही जणांना आधार मिळाला तर पायऱ्यांवर बसत बसत उतरता येते, काहींना हलवताना विशिष्ट पद्धतीनेच धरावे लागते, आणि हे ज्याचे त्यालाच ठाऊक असते. विजेवर चालणारी खुर्ची माणसासह उचलून जिन्याने नेण्याचा विचारही करू नये, तिचे वजन शंभर किलोच्या पुढे जाऊ शकते.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही असावेत. एक म्हणजे जिन्यावरून घसरत उतरवणारी आपत्कालीन खुर्ची. ती तिच्या मजल्यावरच जिन्याच्या तोंडाशी टांगलेली असावी, तळमजल्याच्या भांडारात नसावी. ती चालवण्याचा सराव किमान चार जणांनी रिकाम्या खुर्चीवर नव्हे, तर माणूस बसवून केलेला असावा. दुसरा उपाय म्हणजे आगरोधक दाराआडचा रुंद जिनाचौक, जिथे मदत येईपर्यंत थांबता येते. मात्र तिथे थांबणे म्हणजे मागे राहणे होऊ नये. तिथून खाली बोलता येईल असे संपर्कयंत्र हवे, तिच्यासोबत एक जण थांबेल हे आधीच ठरलेले हवे, आणि अग्निशमन दलाचे वाहन दाराशी येताच त्यांना सांगितले जाणारे पहिले वाक्य तिच्या ठिकाणाविषयीचे असायला हवे.

सरावात तिला "तू खालीच थांब" असे सांगून वगळू नका. मला अनेकदा असे सांगितले गेले आहे आणि त्यामुळे माझ्या मजल्यावरच्या कोणालाही ती खुर्ची कशी उघडायची हे माहीत नसते. ऐकू न येणाऱ्यांसाठी गजरासोबत लुकलुकणारे दिवे स्वच्छतागृहांतही लावून घ्या, कारण तिथे माणूस एकटाच असतो आणि इतरांना उठताना पाहून धोका ओळखण्याची सोय त्याला नसते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

तिच्याशी मी उद्याच बोलतो. खुर्चीच्या जागेबद्दलची आपली सूचना आणि संध्याकाळच्या सरावाचा प्रस्ताव, दोन्ही या आठवड्याच्या बैठकीत मांडत आहे. सराव झाल्यावर किती वेळ लागला आणि कोणता मजला पाहायचा राहिला, हे येथेच कळवीन.