मदत हवी आहे: तान्ह्या बाळात मेनिन्जायटिस (मेंदूच्या आवरणाला येणारी सूज) कसा ओळखायचा?

माझ्या 9 वर्षांच्या भाच्याला मागच्या महिन्यात व्हायरल मेनिन्जायटिस झाला. ताप, उलट्या, डोकं ठणकणं. आम्हाला वाटलं साधा फ्लू. उजेड सहन होईना, हनुवटी छातीला टेकेना, तेव्हा दवाखाना गाठला. पाठीतलं पाणी तपासल्यावर निदान झालं. 10 दिवसांत बरा झाला, पण माझी झोप उडाली आहे, कारण माझी मुलगी 4 महिन्यांची आहे.

एवढ्या लहान बाळाची मान ताठ होतेच असं नाही. दूध न पिणं, टाळू फुगणं, सुस्त पडून राहणं, किरकिर ही लक्षणं असतात. पण किरकिर तर रोजचीच! ज्यांनी हे अनुभवलंय, त्यांना बाळाच्या रडण्यात नेमकं काय वेगळं जाणवलं? ताप आला तर मी उत्तरांची वाट बघणार नाही, थेट डॉक्टरांकडे नेईन. जिवाणूंमुळे होणारा प्रकार फार घातक असतो आणि घरी फरक कळत नाही.